उदासीच्या राखेतलं बी

ये गं, अशी जवळ सरक. फोनवर "आजी, बरी आहेस ना" एवढं विचारायचं आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं, ठेवते" म्हणायचं, ही कुठली रीत? मी बरी आहे का नाही हे सांगायला मला निदान अर्धा तास लागतो. परवा तूच विचारलंस, आपल्या ओढ्याकाठच्या चबुतऱ्याला उदासीचा ओटा का म्हणतात म्हणून. मी सांगायला लागले आणि तुझी रेंज गेली. तुझी रेंज मोठी गुणाची, माझी गोष्ट सुरू झाली की बरोबर जाते. म्हणून आता लिहूनच काढते. कागदाची रेंज जात नाही. नीट मांडी घालून वाच, एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन असं नको.

उदासी म्हणजे तोंड पाडून बसलेला माणूस नव्हे, हे आधी डोक्यातनं काढ. उदासी हा साधूंचा पंथ. शिखांचे जे पहिले गुरू, त्यांचा थोरला लेक संसारात पडला नाही. त्यानं जटा वाढवल्या, अंगाला राख लावली आणि धुनी पेटवून बसला. धाकट्यानं लग्न केलं, आणि गादी गेली बापाच्या एका चेल्याकडं. थोरल्याच्या मागनं जे साधू झाले ते उदासी. ग्रंथसाहेबाला मानतात, आपल्या महादेवाला नि देवीलाही हात जोडतात. लग्न करत नाहीत, घर बांधत नाहीत, एका जागी फार दिवस राहत नाहीत. आमचे बाबा मात्र राहिले.

कसे राहिले ते मी पाहिलेलं नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा ते होतेच. आत्याबाई सांगायच्या. आत्याबाई म्हणजे माझी सासू, आमच्याकडं सासूला असंच म्हणतात. तर निजामाच्या राज्यात साधूंची एक जमात तुळजापूरला निघाली होती. त्यातल्या एका तरण्या साधूला आपल्या ओढ्यापाशी ताप भरला. बाकीचे म्हणाले, ताप उतरला की ये मागनं. ताप उतरला, पण साधू काही हलला नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "अजून थोडी कणकण आहे." ती कणकण माझं लग्न होऊन मला लेकरं झाली तरी गेली नव्हती.

उंच माणूस. जटा डोक्यावर चुंबळीसारख्या गुंडाळलेल्या, हातात लोखंडी चिमटा. मराठी शिकले ते ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायांकडून, त्यामुळं एवढा दांडगा गडी "मी आली, मी जेवली" म्हणायचा. पुरुष हसायचे. आम्ही बाया हसायचो नाही, आम्हाला ते बरंच वाटायचं.

त्यांच्या ओट्यावर ना मूर्ती, ना फोटो. वर पत्रे, मधोमध धुनी. धुनीची राख फडक्यातनं गाळायची, पाण्यात मळायची, तिचा चांगला मोठा गोळा वळून पाटावर ठेवायचा, आणि त्यालाच फूल वाहायचं. मी नवी नवरी, मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, आम्ही राखेनं भांडी घासतो आणि तुम्ही तिला फूल वाहता?"

"तू भांडं घासते, मी मला घासते," बाबा म्हणाले. "काम एकच."

त्यांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे दाणा साठवायचा नाही. सकाळी चार घरी जायचे, मिळेल ते आणायचे, संध्याकाळी धुनीवर शिजवायचे किंवा राखेत जाड रोट भाजायचे, आणि जो येऊन पंगतीत बसेल त्याला वाढायचे. कुणाचा कोण, काही विचारायचे नाहीत. दिवस बुडेपर्यंत ओट्यावरचा दाणा न् दाणा संपला पाहिजे. उद्याचं उद्या.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याचं वर्णन मी करत नाही, तू ते शंभरदा ऐकलंस आणि शंभरदा जांभई दिलीस. एवढंच सांगते, की आम्ही बाया सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचो, रेशनला परदेशातली तांबडी मिलो ज्वारी यायची, आणि तिची भाकर खाल्ली की पोट भरल्यासारखं वाटायचं पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. घरात खाणारी तोंडं भरपूर. आणि त्याच घरात, माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत, आत्याबाईंनी एक मोठं मडकं लपवून ठेवलेलं. त्यात दगडी ज्वारीचं बी. ही ज्वारी आत्याबाईंच्या आईकडनं आलेली. दाणा टपोरा, मोत्यासारखा, आणि भाकर अशी की दुसऱ्या दिवशीही मऊ. त्या भाकरीवर आत्याबाईंचा फार जीव. आमच्यावर नव्हता असं नाही, पण आमचा नंबर नंतर.

मामंजींना त्या मडक्याचा वास लागला.

"सोसायटीत हायब्रीडचं बी येणार हाय, पिशवीबंद," ते म्हणाले. "मी सभासद हाय. हे जुनं कशाला उराशी धरून बसलीस? दळ आन् घाल पोरांच्या पोटात."

"हायब्रीडच्या भाकरीला चव हाय का? चामडं बरं."

"चव बघाया आधी भाकर पायजे न्हवं."

आता सांग, यात खोटं कोण बोलत होतं? दोघंही खरंच बोलत होते. म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. एकदा बी खाल्लं की संपलं, पुढच्या साली आणायचं कुठनं? गावात बहुतेकांनी आपापलं खाऊन टाकलेलं. आणि लेकरं रडायला लागली की आत्याबाईंचा हात स्वतःच त्या मडक्याकडं जायचा. मी पाहिलंय, जायचा आणि परत यायचा.

शेवटी एक दिवस दुपारचं त्यांनी मडकं माझ्या डोक्यावर दिलं, वर धुण्याचं बोचकं ठेवलं, आणि आम्ही दोघी ओढ्यावर गेलो. ओढ्याला पाणी नव्हतं, तरी कुणी विचारलं नाही की धुणं कशात धुणार. दुष्काळात माणसं फार चौकशा करत नाहीत.

"बाबा, एवढं ठिवून घ्या. पेरणीपातूर," आत्याबाई म्हणाल्या.

"काय आहे?"

"बी हाय. दगडी."

बाबांनी दोन्ही हात मागं घेतले. "माई, इथं दाणा आला तर सांजेला शिजेल. उदासी उद्यासाठी ठेवत नाही."

"तुमी ठिवू नका. मी ठिवते. जागा तेवढी तुमची."

"जागा पण माझी नाही."

"मंग कुणाची हाय?"

"कुणाची नाही."

"मंग मी इचारू कुणाला?" म्हणून आत्याबाईंनी तिथंच बसकण मारली. मडकं मांडीशी घेतलं आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या. घाम पुसत होत्या की डोळे, ते मी पाहिलं नाही. बाबा धुनीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "राख ठेवते मी. राख कितीही ठेवते, राखेला नेम नाही. राखेत काय आहे ते मी बघत नाही."

आत्याबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. बी राखेत ठेवलं की त्याला दाणा पोखरणारे टोके लागत नाहीत, हे तर आपल्याकडं कुठलीही बाई जाणते. बाबांनी पाठ फिरवली आणि चिमट्यानं धुनी हलवत बसले. आम्ही दोघींनी गाळलेली राख बियात कालवली, वर चार बोटं नुसती राख दाबली, फडकं बांधलं. बाबा वळले तेव्हा तिथं राखेचं मडकं होतं.

आणि जागा अशी, की तिथं दाणा शोधायला कुणी जाणारच नाही. ज्याच्याकडं दिवस बुडल्यावर मूठभर पीठ उरत नाही, त्याचं मडकं कोण उघडून बघतंय?

आता ही गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे कठीण. मी दुसऱ्याच दिवशी खडीवर माझ्या जोडीदारणीला सांगितली. आम्ही दोघी एका ढिगावर बसायचो, ती मोठा दगड फोडायची, मी बारीक करायचे. बौद्धवाड्यातली होती. त्यांना गायरानातला एक तुकडा कसायला मिळाला होता, त्यावर तिनं आदल्या साली तूर केली होती, आणि तिचंही बी असंच नवऱ्यापासनं लपवलेलं. तिनं बांगड्या भरणाऱ्या खालाला सांगितलं, खालाकडं घरामागच्या वाफ्यातले मूग होते. खालाचं तर कामच घरोघरी फिरायचं. मग काय विचारता. शिमग्यापर्यंत ओट्यावर मडक्यांची रांग लागली. पुरुषांना पत्ता नाही. ते म्हणायचे, बाबांनी या साली मोठं तप मांडलंय, केवढी विभूती साठवली बघा. मामंजींनी एकदा त्या मडक्यांना हात जोडून नमस्कार केला. आत्याबाई घरी येऊन पोट धरून हसल्या. त्या वर्षात त्या हसलेल्या मला तेवढंच आठवतं.

बाबा मात्र बदलले. पूर्वी उघड्यावर निजायचे, आता मडक्यांच्या आडवे निजायला लागले. वळवाचं आभाळ आलं की आधी मडक्यांवर पत्रा ओढायचे. मला एकदा हळूच विचारलं, "सुनबाई, राखेला टोके लागतात काय गं?" मी म्हटलं, राखेला कसे लागतील? "ते तर माहीत आहे," ते म्हणाले, आणि तरी एकेका मडक्याला कान लावून बघत राहिले. संसार नको म्हणून आईबाप सोडून आलेला माणूस, आणि आम्ही बायांनी त्याला असा कामाला लावला.

रोहिणी निघाल्या आणि जमात आली.

नगारा वाजवत, निशाण घेऊन, एक बैलगाडी आणि दहा-बारा साधू. हैदराबादेकडनं निघालेले, तुळजापूर करून नांदेडला जाणार होते. त्यांचे महंत बुटके, म्हातारे, डोळे मात्र बारीक नि तिखट. सगळा गाव दर्शनाला लोटला. आम्ही बायाही गेलो, घरातली मिलो घेऊन. एवढ्या साधूंना जेवायला तर घालायला पाहिजे.

महंतांनी ती मडक्यांची रांग पाहिली आणि खूश झाले. "इतनी विभूती," ते म्हणाले, "बहुत तप किया है." त्यांच्यात रीत अशी, की पाहुण्या साधूनं धुनीची राख आधी कपाळाला लावायची. त्यांनी पहिल्याच मडक्याचं फडकं सोडलं, चार बोटं आत खुपसली आणि कपाळावर आडवी ओढली. आमच्याकडं वळले तर भुवयांच्या मधोमध तुरीचा एक लाल दाणा चिकटलेला. कुंकू लावावं तसा.

माझ्या जोडीदारणीनं माझा दंड असा धरला की वळ उठले. मडकं तिचं होतं. खालानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाकीच्या साधूंना वाटलं टिळाच आहे, त्यांनी हात जोडले. तेवढ्यात महंत खाली वाकले आणि दाणा टपकन त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो उचलला, पाहिला, दाताखाली धरून फोडला.

"ये क्या है?"

"राख," बाबा म्हणाले. आणि मग लगेच म्हणाले, "राखेत तूर आहे."

खोटं बोलायची सवय नसली की माणसाला अर्धवट खोटंही नीट जमत नाही.

मग एकेक मडकं उघडलं. तूर, मूग, हुलगे, आणि शेवटी आत्याबाईंची दगडी. पुरुष सगळे बघत होते. मामंजींनी ती ज्वारी ओळखली, आणि आत्याबाईंकडं असं पाहिलं की मी दोघांच्या मधनं बाजूला झाले. महंतांचा आवाज चढला. उदासी होऊन कोठार उघडलंस का, म्हणाले. धुनीपाशी जे आलं ते धुनीचं, आज सांजेच्या आत सगळं संपलं पाहिजे. साधूंना म्हणाले, कढई उतरवा गाडीतनं. आणि गंमत ऐक, कढई म्हटल्याबरोबर गावातली लेकरं पुढं सरकली. लेकरंच कशाला, मोठी माणसंही सरकली. किती महिन्यांत तुरीचं वरण कुणी पाहिलं नव्हतं. बी वाचावं असं वाटणाऱ्या आम्ही मूठभर बाया, आणि शिजावं असं वाटणारा सगळा गाव. माझ्या कडेवरचं लेकरूसुद्धा त्यांच्याच बाजूचं.

आत्याबाई पुढं झाल्या. पदर डोक्यावर घेतला आणि थेट महंतांच्या समोर.

"म्हाराज, हे धुनीला दिल्यालं न्हाय. ठिवल्यालं हाय."

बाबांनी त्याचं हिंदी करून सांगितलं. महंत म्हणाले, आलं ते आलं.

"आज तुमी खाचाल," आत्याबाई म्हणाल्या. "म्होरल्या साली याच वाटंनं याचाल, तवा काय राख खाचाल का?"

बाबांनी हिंदीत सांगितलं की माई विचारते, पुढच्या साली महाराजांची सेवा कशी करावी.

"नक्को बाबा, पूरा बोलो," मागनं खाला म्हणाली. तिला दखनी येते, तिच्यापुढं कुठली लपवाछपवी चालणार. "इनो पूछ रै, अगले साल आप लोगां राख खाते क्या?"

साधूंच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. महंतांनी मागं पाहिलं, हसणं थांबलं. पण त्यांचं स्वतःचं पोट हललं ते मी पाहिलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, नेम माझा नाही, मी मोडू शकत नाही. दिवस बुडायच्या आत वाटलं गेलं पाहिजे, एक दाणा उरता कामा नये.

इतका वेळ नुसतं दुसऱ्यांचं बोलणं पोचवणारे बाबा तेव्हा स्वतःचं बोलले. हिंदीत बोलले, आणि हिंदीत ते पुरुषासारखं बोलत, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "महाराज, पकाना है, या बाँटना है?"

महंतांची दाढी कुरवाळणारी बोटं थांबली.

"बाँटना ही हो, तो मैं बाँट देता हूँ. कच्चा."

महंतांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाले, "पंगत में. जो बैठे उसको. सबको बराबर."

आत्याबाईंनी पहिला अर्धा भाग ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. बराबर म्हणजे काय ते खालानं समजावल्यावर मावळला. बी वाचलं होतं खरं, पण कुणाचं वाचलं होतं?

राखेतनं बी वेगळं करायला आम्ही सुपं आणली आणि पाखडायला लागलो. वारा सुटलेला. घटकाभरात सगळा गाव राखेनं पांढरा झाला, साधू कुठला आणि गावकरी कुठला कळेना. पंगत बसायला लागली. आधी बायाच बसल्या. मग मामंजींच्या ध्यानात आलं की जो बसेल त्याला मिळणार आहे. त्यांनी धोतर सावरलं आणि आत्याबाईंच्या शेजारी मांडी ठोकली. मला खुणावलं, तूही बस, लेकराला पण बसव, वेगळं बसव. ते पाहून सगळ्यांनीच घरं रिकामी केली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून आणलं. कधी पेरणी न केलेले लोक बसले, ज्यांना टीचभर रान नाही तेही बसले.

बाबांनी आपला भोपळ्याचा तुंबा घेतला आणि जेवण वाढावं तसं वाढत निघाले. आधी तूर. ती फिरून आली की मूग. मग हुलगे. शेवटी दगडी. पदर पसरायचा, तुंबा उपडा व्हायचा, पुढं जायचं. कुणी "आणखी थोडं" म्हणायचं नाही आणि शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही. आत्याबाईंपाशी दगडी घेऊन आले तेव्हा बाबांचा हात जरा थांबला. आत्याबाईंनी वर पाहिलं नाही. जेवढं सगळ्यांना तेवढंच त्यांना. ओठ मात्र असे आवळलेले की रात्री घरी गेल्यावरही सुटले नाहीत.

महंतांनी मग आमची मिलोची भाकर खाल्ली. एकेक घास इतका वेळ चावत होते की मला दया आली.

सकाळी जमात निघाली तेव्हा बाबाही निघाले. महंतांनी त्यांना सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "बुखार उतरा?" बाबा म्हणाले, "उतरा." दाण्यांपायी ज्याची झोप गेली त्यानं आता उठलंच पाहिजे, हे त्यांचं त्यांनाही कळलं असावं. चिमटा घेतला, तुंबा घेतला, झालं सामान. आत्याबाईंपाशी येऊन म्हणाले, "माई, रागावली?"

"रागावू न्हाय तर काय करू?" आत्याबाई म्हणाल्या. "माजंच मला वाढलं, आन् तेबी टीचभर."

बाबा हसले, आणि गेले. धुनी आम्ही चार दिवस सांभाळली. पण जळण होतं कुठं? नंतर ती विझली. त्यातली राख बायांनी भांडी घासायला नेली. मीही नेली.

त्या बियाचं काय झालं म्हणशील. कुणी त्याच संध्याकाळी दळून खाल्लं, त्यांना मी नावं ठेवत नाही. कुणी पेरलं. मामंजींनी सोसायटीचं हायब्रीड आणून रान पेरलं. रब्बीला आत्याबाईंनी विहिरीजवळच्या पट्ट्यात आमच्या सगळ्या घराच्या पदरातली दगडी एकत्र करून टाकली. कणसं पोटात धरून पोटऱ्यात आली तेव्हापासनं रोज तिला बघायला जायच्या. आणि एका सकाळी गेल्या तर कुणाची तरी मोकळी सुटलेली जनावरं आत. दाताला लागेल असं ज्वारीचं एक धाट शिल्लक नाही. आत्याबाई घरी आल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. आईकडनं आलेलं बी त्यांच्या हातानं संपलं होतं.

सडकेचं काम अजून सरलं नव्हतं, मी खडीवर हे जोडीदारणीला सांगितलं. ती हातोडा खाली ठेवून म्हणाली, "अगं, माज्या गायरानातल्या तुकड्यात दगडी हाय की. कणसं बघ, मुठीत मावत न्हाईत. तुज्या सासूला म्हणावं, ये."

हे घरी सांगायला मला आठवडा लागला. आत्याबाई बौद्धवाड्यात कधी गेलेल्या नव्हत्या. त्या पिढीत जायचंच नाही असं होतं, आणि आत्याबाई तर अशा, की त्या बाजूचा वारा आला तरी पदर सावरायच्या. सुगी झाली, खळी झाली, तरी त्या घरातच येरझारा घालत होत्या. मग एक दिवस मला म्हणाल्या, "चल."

जोडीदारीण अंगणात ज्वारी उफणत होती. आत्याबाई कुंपणापाशीच थांबल्या.

"या की आत्या, भाईर का?"

"ज्वारी काढली म्हणं."

"काढली की. तुमचीच हाय."

"माजी कशाची? बाबानं वाटल्याली."

"मंग माजी म्हना. माजी म्हनून मागा."

आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी दुसरीकडं बघायला लागले. जोडीदारीण काही दाणा पुढं करेना. शेवटी आत्याबाई कुंपण ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "दे गं बाई. तुजी दे थोडी."

"आदी बसा. च्या घ्या."

"च्या कशाला?"

"उभ्या उभ्या बी देत न्हाय मी कुणाला."

घोंगडं अंथरलं. चहा आला. आत्याबाईंनी कपाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, कप उचलला आणि एक घोट घेतला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.

"गुळाचा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "साकर न्हाय व्हय घरात?"

"साकर सोसायटीच्या सभासदांना मिळती, आत्या," जोडीदारीण म्हणाली, आणि तिथनं जी दोघींची सोसायटीवर गाडी घसरली ती उन्हं उतरेपर्यंत. मामंजींचं नाव निघालं, हायब्रीडचं निघालं. मी मध्ये दोनदा म्हटलं, चला आता. कुणी ऐकलं नाही. निघताना जोडीदारणीनं सूपभर दगडी आत्याबाईंच्या पदरात घातली. आत्याबाईंनी एक दाणा तोंडात टाकून फोडला, डोळे मिटले, आणि मान हलवली.

त्यानंतर आत्याबाई जिवंत होत्या तोवर दर सुगीला दोघींची बियाची देवाणघेवाण चालायची, आणि भांडणही चालायचं. कुणाचा दाणा जास्त टपोरा, यावरनं. आता सगळीकडं सोयाबीन झालंय, तुझा बापही तेच पेरतो. पण विहिरीजवळचा पट्टा मी सोडलेला नाही. दगडी निसवलीय, कणसं बाहेर पडलीत, थंडी पडली की हुरड्यात येईल, आणि माझ्या एकटीच्या दातांना काय होणार आहे. लोहाऱ्याला उतरलीस की कुठल्याही जीपवाल्याला माझं घर विचार, आणून सोडेल. सुट्टी मिळत नाही हे मला सांगू नको. लवकर ये.